'न्हाई'च्या जागी 'नाही' न लिहिणारी

विंझरच्या शेतकऱ्याची लेक स्नेहल भोरच्या कॉलेजात मराठी शिकवायची, कविता करायची आणि इतरांच्या पुस्तकांवर परखड लिहायची. एका नावाजलेल्या कवीच्या संग्रहाला तिनं 'उसना आवाज' म्हटलं, तेव्हापासून कविसंमेलनांची बोलावणी आटली. तिनं लिहिणं मात्र सोडलं नाही.

यंदा तिची एक कविता पाठ्यपुस्तकासाठी निवडली गेली. सगळी कविता आईच्या बोलीत होती. संपादक उपेंद्र सर तिचे जुने शिक्षक. त्यांचा फोन आला.

"स्नेहल, फक्त 'न्हाई'चं 'नाही' कर, 'म्या'चं 'मी'. मुलांना अशुद्ध कसं शिकवायचं?"

"सर, माझी आई असंच बोलते. अशुद्ध म्हणायचं असेल तर विंझरला येऊन तिच्या तोंडावर म्हणा."

"हट्ट करू नकोस. अशी संधी पुन्हा यायची नाही."

"मग नको."

कविता वगळली गेली. रविवारी स्नेहल गावी गेली. भाकरी थापता थापता तिच्या आईनं, सगुणाबाईंनी, सगळं ऐकून घेतलं.

"दोन शबुदांपायी एवढं पुस्तक सोडलंस?"

"व्हय."

"ब्येस केलंस. माजं बोलनं मला कुनी शिकवायचं न्हाई."

सोमवारी स्नेहलनं ती कविता वर्गात फळ्यावर लिहिली, जशीच्या तशी. ती वाचून दाखवत असताना प्राचार्य दारात येऊन थबकले. तिनं त्यांच्याकडं पाहिलं आणि पुढची ओळ आणखी मोठ्यानं वाचली.