कारभारी मास्तरचं हाड

कारभारी मास्तर बोलायला लागला की समोरच्याने मान खाली घालायची, असा पंचवटीतल्या त्याच्या बँडमध्ये शिरस्ताच होता. अख्ख्या नाशिक जिल्ह्यात क्लॅरिनेट वाजवणारा माणूस एकच आणि तो म्हणजे आपण, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. डीजेवाल्यांना तो 'खोकेवाले' म्हणायचा, कीबोर्डवाल्याला 'टायपिस्ट'. आणि बारा वर्षं त्याच्या हाताखाली शिकणाऱ्या महेशला चारचौघांत 'फुंकणी' अशी हाक मारायचा. महेश बिचारा 'जी मास्तर' म्हणून ओ द्यायचा.

जगाला नावं ठेवणाऱ्या या तोंडात वरचा मात्र एकही दात उरला नव्हता. तंबाखूने हिरड्या पोखरल्या, दात हलू लागले, तेव्हा हा शहाणा ते जिभेने हलवत बसायचा आणि 'फुंकून फुंकून सैल झालेत' असं अभिमानाने सांगायचा. आता क्लॅरिनेट पेलायची ती वरच्या दातांवर. दातच नाहीत म्हटल्यावर कवळी आली. नामपूरच्या एका लग्नात नवरदेव मारुतीच्या पाराला निघाला होता, मास्तरने वरचा सूर लावला, आणि कवळी सुटून थेट घोड्याच्या पुढ्यात पडली. घोडा सभ्य निघाला, त्याने पाय बाजूला ठेवला. वऱ्हाड काही तितकं सभ्य नव्हतं.

शेवटी औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीने, तेजस्विनीने, त्याला गंगापूर रोडच्या दवाखान्यात ओढत नेलं. तिथली डॉक्टर वेदिका वयाने त्याच्या क्लॅरिनेटहून लहान होती, म्हणजे मास्तरच्या हिशेबी तिला काही कळत असणं शक्यच नव्हतं.

"काका, दात गेले की तिथलं हाडही झिजत जातं," ती फोटो दाखवत म्हणाली. "नवे दात पक्के बसवायला हाडात स्क्रू घालावा लागतो, आणि तुमच्याकडे तेवढं हाडच नाहीये. नाकाच्या बाजूला एक पोकळी असते. तिचा पडदा जरा उचलून खाली हाडाची भुकटी भरू. सहा-आठ महिन्यांत तिच्या आधाराने तुमचं स्वतःचं हाड वाढेल. मग स्क्रू, मग दात."

"हाड पेरायचं म्हणा की," मास्तर तुच्छतेने म्हणाला.

"तसं समजा. पण तंबाखू बंद. नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवायचं. आणि मी सांगेपर्यंत फुंकायचं तर मुळीच नाही. आतून दाब आला की पडदा फाटेल, भरलेलं सगळं बाहेर येईल."

"फुंकायचं नाय? मग मी काय लग्नात टाळ्या पिटू?"

गुरगुरला खरा, पण खुर्चीत आडवा झाला आणि भुकटी भरून घेतली. कारण दात नाहीत तर क्लॅरिनेट नाही, आणि क्लॅरिनेट नाही तर मास्तर गेला, नुसता कारभारी उरला. या नुसत्या कारभारीला कोण विचारणार, ही भीती त्याला आतून खात होती.

तंबाखू त्याने सोडली, तेवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पुढची जागा मात्र सोडवेना. ऐन लगीनसराई होती. जरीच्या लाल कोटात मास्तर बँडच्या पुढे उभा राहायचा, क्लॅरिनेट ओठांना टेकवायचा, बोटं नाचवायचा, मान डोलवायचा. श्वाससुद्धा आत सोडायचा नाही. वाजवायचा तो महेश, मागे दोन ट्रंपेटवाल्यांच्या आड दडून. लोक येऊन म्हणायचे, "मास्तर, दम हाय बरं का अजून!" हा ते कौतुक खिशात घालायचा, आणि परतताना टेम्पोत महेशलाच झापायचा, "शेवटाला घसरलास, फुंकणी. माझी अब्रू घालवशील."

असे तीन आठवडे गेले. मग मखमलाबादच्या एका लग्नात नवरीचा आजोबा काठी टेकत मास्तरजवळ आला. म्हातारा कानाचा पक्का, तीस वर्षं त्याचा बँड ऐकलेला.

"कारभारी, खरं सांगू का? लय जोरात वाजवायचास तू. नुसता कल्ला. आज पहिल्यांदा डोळ्यात पाणी आलं बघ. एवढा गोड कवाधरनं वाजवाया लागलास?"

'तुमचा आशीर्वाद' म्हणून पाया पडायचं आणि मोकळं व्हायचं. कोणत्याही शहाण्या माणसाने तेच केलं असतं. पण मास्तरच्या डोक्यात तिडीक गेली. फुंकणी गोड आणि आपण कल्ला?

"थांबा आजोबा, आता ऐका," तो म्हणाला, आणि छातीत होता नव्हता तेवढा दम लावून त्याने फुंकलं.

दरवाजाची बिजागरी करकरावी तसा आवाज निघाला. म्हाताऱ्याने कानावर हात ठेवले. "बिघडलं वाटतं रे वाद्य," तो हळहळून म्हणाला.

मास्तरच्या नाकातून रक्ताची धार लागली. रुमालात लालभडक रक्त होतं आणि त्यात पांढरे बारीक कण.

दुसऱ्या दिवशी वेदिकाने पुन्हा फोटो काढला. "पडदा फाटलाय, काका. जखम भरू दे, मग बघू. पण परत जमेलच असं मी सांगणार नाही. जोरात शिंक आली होती का?"

'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेजस्विनी बापाकडे बघत होती.

"नाय," तो म्हणाला. "फुंकलं मी."

"का पण?"

"एका म्हाताऱ्यानं आमच्या पोराचं वाजवणं चांगलं म्हटलं."

वेदिकाने औषधांच्या चिठ्ठीवर 'फुंकणे बंद' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

पुढच्या लग्नात महेश नेहमीसारखा ट्रंपेटवाल्यांच्या आड जाऊन उभा राहिला. मास्तर पुढे एकटाच, हातात क्लॅरिनेट. नवरदेव घोड्यावर बसला, ताशा सुरू झाला, तरी मास्तरने ती ओठाला लावली नाही. मागे वळून त्याने महेशला दंडाला धरून पुढे ओढलं.

"मास्तर, काय चुकलं का?"

"हितं उभा राहा. आजवर तू चांगलं वाजवलंस आणि नाव माझं झालं. आता तुझं तू बघ, महेश."

आणि कारभारी ट्रंपेटवाल्यांच्या मागे जाऊन उभा राहिला, तोंड मिटून.