दुभाषी बाईंनी बदललेलं वाक्य

मंजुषाबाईंना पॅरिसच्या मेट्रोची स्टेशनं क्रमानं पाठ होती. कुठं उतरायचं, कुठली लाइन कुठं बदलायची, हे त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या. सिडको एन-सातमधल्या घराच्या पुढच्या खोलीत चोवीस वर्षं त्या फ्रेंच शिकवत आल्या होत्या. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं लियाँला गेली, तुलूझला गेली, तिथंच लग्न करून राहिली. स्वतः मंजुषाबाईंनी मात्र फ्रान्स पाहिलं नव्हतं. एकदा शिक्षकांच्या पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाला निवड झाली, तिकीट आलं, आणि त्याच आठवड्यात सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. दुसऱ्यांदा बॅग भरून झाली तेव्हा टाळेबंदी लागली.

विद्यार्थ्यांचे फोटो मोबाइलवर यायचे. नदीकाठी, पुलावर, बर्फात. मंजुषाबाई लगेच लिहायच्या, "खूप छान, अभिमान वाटतो." मग ओट्यापाशी जाऊन अर्धा तास भांडी आपटत बसायच्या. नवरा रामकिसन पेपरमधून मान वर न काढता विचारायचा, "आज कोण गेलं?"

म्हणून गेल्या वर्षी फेब्रुवारीत चिकलठाण्याच्या एका मद्य कंपनीतून फोन आला, तेव्हा त्यांना आपली पाळी आली असं वाटलं. कंपनीला फ्रान्समधून वाइन मागवून इकडं विकायची होती. बोर्दोजवळचा एक म्हातारा बागायतदार, मस्यू लोराँ, स्वतःच्या वाइनच्या बाटल्या घेऊन येणार होता. तीन सालांची रेड आणि तीन सालांची व्हाइट समोरासमोर ठेवून, चाखून, कुठल्या सालाचा माल घ्यायचा ते ठरवायचं होतं. म्हाताऱ्याला इंग्रजी जेमतेम. "मॅडम, दुभाषी म्हणून तुम्हीच पाहिजेत," कंपनीचे मॅनेजर इंद्रजीत म्हणाले.

मंजुषाबाईंनी आठवडाभर अभ्यास केला. वाइनच्या चवीचे, वासाचे, रंगाचे दीडशे फ्रेंच शब्द वहीत उतरवून पाठ केले. कपाटातली मोरपंखी पैठणी बाहेर काढली.

कंपनीच्या दारातच लोराँनं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. सत्तरीचा, उन्हानं रापलेला, शेतकऱ्याच्या हातांचा माणूस. दोन वाक्यं ऐकून तो म्हणाला, "तुमचं फ्रेंच किती सुंदर आहे! अगदी पुस्तकासारखं." मंजुषाबाईंना गोड वाटलं. पायऱ्या चढताना त्यातलं 'पुस्तकासारखं' जरा टोचलं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

प्रयोगशाळेत लांब टेबलावर पांढरं कापड घातलं होतं. सहा बाटल्या कागदात गुंडाळलेल्या, नुसते नंबर टाकलेल्या. कोपऱ्यात पन्नाशीची एक सावळी, बारीक बाई पांढरा कोट घालून ग्लास पुसत होती. मंजुषाबाईंचा घसा कोरडा पडला होता. "अहो बाई, जरा पाणी आणता का?" त्या म्हणाल्या.

बाईनं पाणी आणून दिलं. मग हात पुसले आणि लोराँच्या बरोबर समोरच्या खुर्चीवर जाऊन बसली.

"या रत्नमालाबाई," इंद्रजीत म्हणाले. "आमचं नाक. यांनी हो म्हटल्याशिवाय इथून एक बाटली बाहेर जात नाही."

मंजुषाबाईंच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. रत्नमालाबाई मुकुंदवाडीच्या. तीस वर्षांपूर्वी बाटल्या धुवायच्या कामावर लागलेल्या. धुतलेल्या बाटलीत साबण राहिलाय की नाही, हे त्या लांबूनच वासावर सांगायच्या, म्हणून कुणीतरी त्यांना प्रयोगशाळेत आणलं. दारूचा घोट आयुष्यात कधी घशाखाली गेला नव्हता. तोंडात घोळवायचं, थुंकायचं आणि बोलायचं, एवढंच काम.

सुरुवात रेडपासून झाली. पहिल्या, वीस सालच्या ग्लासावर रत्नमालाबाईंनी नाक नेलं, डोळे मिटले. "हे नीट हाय. पिकलेल्या जांभळाचं. मागनं जरा चुलीतल्या राखेचा वास येतो, पण चांगला."

मंजुषाबाईंनी पाठ केलेले शब्द मनात चाळले. जांभूळ त्यात नव्हतं. "एक जांभळ्या रंगाचं भारतीय फळ," त्यांनी कसंबसं सांगितलं. राख सोपी होती.

दुसरा ग्लास. "हे हिरवट लागतंय. करवंद पिकायच्या आधी तोडल्यावानी. चीक हाय त्याच्यात." त्या थांबल्या, तोंडातलं थुंकलं. "ह्या वर्षी थंडी झोंबली काय हो यांच्या बागेला? पोट भरलं नाय बघा द्राक्षाचं. पाऊस बी लई झाला असंल."

करवंद. मंजुषाबाई अडखळल्या. "छोटं, काळं, रानातलं, काटेरी झुडपावरचं..." लोराँ त्यांच्याकडं बघतच नव्हता. तो रत्नमालाबाईंकडं बघत होता, आणि मंजुषाबाई जणू भिंतीतली खिडकी असाव्यात तसा त्यांच्यातून ऐकत होता. थंडीचं वाक्य भाषांतरित झालं तसा तो खुर्चीत मागं टेकला.

"एकवीस साल," तो हळू म्हणाला. "एप्रिलमध्ये कोंब फुटले आणि दंव गोठलं. पहाटे आम्ही बागेत ओळीओळीनं शेकोट्या पेटवल्या. माझी बायको, मी, शेजारी. सकाळी बघतो तर अर्धे कोंब काळे. मग उन्हाळाभर पाऊस." त्यानं डोळे पुसले. "ग्लासातून ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. मलाच लोकांना सांगावी लागायची."

मंजुषाबाईंनी हे सगळं मराठीत सांगितलं. त्यांचा स्वर कोरडा झालाय हे त्यांनाच ऐकू आलं.

तिसरा ग्लास बावीसचा. त्या वर्षी तिकडं ऊन आणि दुष्काळ. "जाड हाय. गुळाची ढेप उन्हात ठेवल्यावानी. जीभ जड होते. पण दम हाय, टिकंल." कागदाखाली बावीस दिसलं तसे इंद्रजीत खूश झाले. बावीसचं नाव त्यांनी आधीच ऐकलं होतं. रेड आणि व्हाइट दोन्ही बावीसचीच मागवायची, असं त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं.

पण व्हाइट चाखताना गंमत झाली. बावीसच्या ग्लासाला रत्नमालाबाई म्हणाल्या, "हे बसलंय. केळं लई पिकल्यावर असतं तसं. आंबटपणाच नाय, जेवणासंगं काय कामाचं?" तेवीसचा ग्लास त्यांना बरा वाटला, "सरळ हाय, कुणालाबी चालंल." आणि सगळ्यांत शेवटी त्यांनी एका ग्लासावर बोट ठेवलं. "हे घ्या. कैरी फोडल्यावर पहिला वास येतो ना, तो हाय. आन् शाळंतल्या दगडी पाटीवर पाणी मारल्यावर येतो तो."

कागद सोडला. एकवीसच निघालं. ज्या थंडीनं रेडचं वाटोळं केलं, तिनंच व्हाइटला ताजं ठेवलं होतं.

लोराँ उभा राहून हसायला लागला. पाटीच्या वासाचं भाषांतर ऐकून त्यानं टेबलावर हात आपटला. "माझी आई असं चाखायची! शिकली नव्हती, पण असं बोलायची!" मग तो भराभर बोलू लागला, रत्नमालाबाईंच्या डोळ्यांत बघत. त्याचं म्हणणं असं होतं: ऑगस्टच्या शेवटी बागेत द्राक्षं उतरवायची असतात. कुठली ओळ आज तोडायची, कुठली चार दिवसांनी, हे चाखूनच ठरतं. आई गेल्यापासून त्याला तसं माणूस मिळालं नाही. या बाईंनी तीन आठवडे यावं. जाणं-येणं, राहणं, सगळं त्याच्याकडं. "सांगा त्यांना, मी मनापासून बोलावतोय."

सगळे मंजुषाबाईंच्या तोंडाकडं बघत होते.

चोवीस वर्षं. दीडशे शब्द. मेट्रोची स्टेशनं. आणि हा माणूस बोलावतोय कुणाला, तर जिला 'बोंजूर' म्हणता येत नाही तिला. मंजुषाबाईंनी काही ठरवलं नाही. वाक्य तयारच होऊन बाहेर आलं.

"ते म्हणतात, तुमचं नाक फार छान आहे. कधी फ्रान्सला आलात तर आमच्याकडं या."

रत्नमालाबाई खुदकन हसल्या. "येते म्हणावं पुढच्या जन्मी!"

लोराँ वाट बघत होता. मंजुषाबाई त्याच्याकडं वळून फ्रेंचमध्ये म्हणाल्या, "त्या आभारी आहेत. पण घरच्या जबाबदाऱ्या आहेत. घरचे सोडणार नाहीत."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. त्यानं मान हलवली आणि बाटल्यांचे कागद गोळा करायला लागला.

त्या रात्री जेवताना रामकिसननं विचारलं, "कसं झालं?" मंजुषाबाई म्हणाल्या, "छान. फ्रेंचची स्तुती केली त्यांनी." घरच्या जबाबदाऱ्या हे उत्तर त्यांनी कुठून आणलं, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. प्रशिक्षणाला येता येणार नाही म्हणून त्यांनी स्वतः जे पत्र पाठवलं होतं, त्यातलंच ते वाक्य, शब्दशः. तरीही त्या मनात भांडत राहिल्या. ती तिकडं जाऊन करणार काय? भाषा येत नाही, थंडी सोसायची नाही. मी तिचा त्रासच वाचवला. अशी समजूत दिवसभर टिकायची आणि संध्याकाळी क्लास सुटला की गळून पडायची.

पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, दारात रत्नमालाबाई उभ्या. निळी सुती साडी, सोबत कॉलेजातली मुलगी, करुणा. मंजुषाबाईंनी बसायला सांगितलं, चहा टाकायला निघाल्या.

"चहा राहू द्या मॅडम. एक विचारायचंय." रत्नमालाबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. "त्या दिवशी मी पुढच्या जन्माचं बोलले. ते हसायसारखं होतं. साहेब हसले, मी हसले. म्हाताऱ्याचं तोंड पडलं. मी पंधरा दिवस इचार करते, हसण्याच्या गोष्टीला तोंड का पडावं? तुम्ही काय सांगितलं त्याला?"

"मी... तुम्ही म्हणालात तेच. कदाचित त्यांना विनोद कळला नसेल."

बाटलीतला साबण हुंगावा तशा रत्नमालाबाई नुसत्या बघत राहिल्या. पंखा फिरत होता. मंजुषाबाई समोरच्या दिवाणावर बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. तीन आठवडे, द्राक्षांच्या ओळी, आई, मनापासून. मग स्वतःचं खोटं उत्तर. शेवटी म्हणाल्या, "मला तुमचा हेवा वाटला."

"माझा?" रत्नमालाबाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुमचं एवढं घर, शिक्षण. तुम्ही पाणी मागितलं, मी दिलं. मी तुमचं काय घेतलं म्हणून हेवा?"

करुणा आईच्या खांद्यावर हात ठेवायला गेली. आईनं तो बाजूला केला.

"माझ्या घरचे सोडणार नाहीत, असं सांगितलं तुम्ही. हिला विचारा. माझा नवरा स्वतः रिक्षानं विमानतळावर सोडंल मला." त्यांनी टेबलावरच्या लॅपटॉपकडं बोट दाखवलं. "आता त्या म्हाताऱ्याला लिहा. माझ्यासमोर. खरं काय झालं ते बी लिहा."

मंजुषाबाईंनी लॅपटॉप उघडला. एकेक ओळ फ्रेंचमध्ये लिहायची आणि मराठीत वाचून दाखवायची. दुसऱ्या ओळीनंतर रत्नमालाबाई मुलीला म्हणाल्या, "फोनवर घालून बघ गं, बरोबर हाय का." करुणानं मोबाइल स्क्रीनवर धरला, वाचलं आणि मान हलवली. प्रत्येक ओळीला तसंच. पोरांच्या वह्यांवर लाल पेनानं चुका काढणाऱ्या बाई आपल्याच घरात परीक्षेला बसल्या होत्या. 'चूक माझी होती, त्यांची नव्हे' या ओळीवर करुणा फोन धरायची थांबली. "हे राहू दे आई, बरोबर असेल," ती म्हणाली. रत्नमालाबाई म्हणाल्या, "बघ."

लोराँचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. मंजुषाबाईंबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. फक्त तारखा होत्या.

व्हिसाचे फॉर्म मंजुषाबाईंनीच भरून दिले. करुणानं तेही तपासले. ऑगस्टमध्ये रत्नमालाबाई गेल्या. कंपनीच्या ग्रुपवर आलेला फोटो इंद्रजीतनी मंजुषाबाईंना पुढं पाठवला: वेलींच्या रांगेत, साडीवर स्वेटर, पायात रबरी बूट, गालात द्राक्ष. मंजुषाबाई 'खूप छान' लिहायला गेल्या आणि त्यांनी फोन पालथा ठेवला. त्या दिवशी ओट्यावर भांडी वाजली नाहीत. रामकिसन स्वतः उठून आत बघून गेला.

एकदाच तिकडून फोन आला. "मॅडम, आंबोशीला काय म्हणत्यात? ह्या ओळीला आंबोशीचा वास हाय, म्हाताऱ्याला कळंना." मागं लोराँ हसत काहीतरी ओरडत होता. मंजुषाबाईंनी वाळवलेल्या कैरीच्या फोडींचं वर्णन करून सांगितलं. "हां, कळलं त्याला," रत्नमालाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. बाकी तीन आठवडे त्यांचं दुभाष्याशिवाय भागलं.

यंदाच्या फेब्रुवारीत लोराँ पुन्हा आला, या खेपेला तेवीसची रेड आणि चोवीसची व्हाइट घेऊन. इंद्रजीत दुसरा दुभाषी बघणार होते. गेल्या वर्षीचं आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं. रत्नमालाबाईच म्हणाल्या, "नको, त्याच येऊ द्या. माझे शब्द त्यांना आता माहीत झालेत." हा निरोप मिळाल्यावर मंजुषाबाईंना आधी बरं वाटलं, आणि लगेच, आपण हिच्या शब्दावर जातोय, या विचारानं पुन्हा जुनी कळ उठली. तरी त्या गेल्या. साधी साडी नेसून गेल्या आणि पाण्याची बाटली घरून घेऊन गेल्या.

तेवीसच्या रेडवर रत्नमालाबाईंनी नाक नेलं आणि मंजुषाबाईंची वाट न बघता लोराँला थेट फ्रेंचमध्येच काहीतरी सांगितलं. चार शब्द, मोडके, बागेत शिकलेले, पण उच्चार तिथल्या मातीचा. एका शब्दाचं लिंग चुकलं होतं. लोराँला समजलं होतं; तो मान डोलवत होता. सुधारायची काही गरज नव्हती.

मंजुषाबाईंनी सुधारलं. सगळ्यांसमोर, स्पष्ट आवाजात. तोंडातून शब्द सुटताना त्यांना बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची लाजही तितक्यातच आली.

रत्नमालाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. मग तो शब्द दोनदा नीट घोकला, पुढचा ग्लास उचलला आणि मराठीत म्हणाल्या, "आता हे लिहून घ्या मॅडम, हे जरा अवघड हाय."

मंजुषाबाईंनी वही उघडली.