दादाजींचं परमिट

सरकारी कागद दादाजींना बसून वाचता येत नसे. उभे राहून, एकेक ओळ मोठ्याने वाचायचे आणि दर वाक्यापाशी थांबून विचारायचे, "म्हंजे?" अमरावतीत मी नुकतीच वकिली सुरू केली होती आणि दादाजी माझे अशील. त्या एका शब्दाने मला घाम फुटायचा.

मोर्शीजवळ संत्र्यांची बाग आणि एक जुना ट्रक, एवढा त्यांचा व्याप. संत्री बैतूलला जायची. परमिट, फिटनेस, विमा, ड्रायव्हरचं लायसन, सगळं ते गाडी निघण्याआधी स्वतः तपासत. ड्रायव्हर कुरकुरला की म्हणत, "ब्रेक नाई लागला तं मानूस मरते, कागद नाई लागला तं धंदा मरते. दोन्ही पाहा लागते, बाप्पा."

छप्पन साली वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलं आणि त्यांच्या रोजच्या रस्त्यावर नवी हद्द पडली. दिवाळी उलटली होती, माल ऐन भरात होता. नाक्यावरून गाडी परत पाठवली. पलीकडे दुसरं राज्य, तिथली सही आणा, म्हणे.

दादाजी थेट माझ्याकडे आले. "वकीलसायेब, रस्ता तोच, गाडी तीच, मीबी तोच. मंग काल चालत होतं ते आज काहून नाई चालत?"

मी पुस्तकं चाळली. जुनी कलमं सापडली, नवा आदेश काही मिळेना. तरी रुबाबात म्हणालो, "जुनं परमिट चालतं. खुशाल जा."

"म्हंजे नक्की?"

"नक्की."

दुसऱ्या दिवशी गाडी मालासकट अडकवून ठेवली. तीन दिवस मी या कचेरीतून त्या कचेरीत फिरलो. एक साहेब म्हणे चालतं, दुसरे म्हणे नागपूरला विचारा, तिसरे म्हणे आता मुंबईला. शेवटी नाक्यावर पोचलो, तर दादाजी सडकी संत्री वेगळी काढत होते. आंबूस वास सुटला होता. ते रागावले नाहीत. गोंधळून म्हणाले, "नाकेवाला म्हनते नाई चालत. तुमी म्हनता चालते. दोघंबी सरकारचंच पुस्तक वाचता ना?"

महिन्याभराने, हंगाम सरत आल्यावर, सरकारचं पत्र आलं: जुनी परमिटं मुदतीपर्यंत ग्राह्य. मी मिळेल ती बस धरून त्यांच्याकडे गेलो. "दादाजी, माझंच बरोबर होतं!"

"म्हंजे तुमाले तवा मालूम होतं?"

"...नाही."

"मंग बरोबर कसं? अंदाज लागला तुमचा."

साठ साली राज्याचं नावच बदललं. दादाजी पुन्हा दारात. "आता कागदावरचंबी नाव बदला लागते काय?"

"माहीत नाही. विचारून उद्या सांगतो."

ते समाधानाने हसले. पुढच्याच उन्हाळ्यात ते गेले. मुलाने ट्रक अकोल्याच्या एका व्यापाऱ्याला विकला. माझ्या एका 'नक्की'ने त्यांचा हंगाम नासला होता. अमरावतीत माझ्यापेक्षा जाणते वकील होते, तरी ते माझ्याकडेच का येत राहिले, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मला ते अजूनही उमगलेलं नाही.