मोठ्या आईचा एकच तारा

कुरखेड्यापलीकडच्या जंगलपट्ट्यात मोबाईलवरून खरेदी करणारी पहिली बाई कोण, असं विचाराल तर मी छाती फुगवून सांगेन, माझी मोठी आई! म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. आणि तिच्याइतकं कडक गिऱ्हाईक अख्ख्या देशात सापडायचं नाही. बाजारात तांदळाचा दाणा दाताखाली फोडल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. मोबाईलवर दात चालत नाहीत, म्हणून तिने वेगळीच तोड काढली. लोकांनी वस्तूला घातलेल्या शिव्या तेवढ्या ती माझ्याकडून वाचून घेते. "तारीफ कोनी बी करते, बाबू. शिवी देनाराच मनापासून बोलते." कुकर, छत्री, गुडघ्याचा पट्टा, सगळं असं शिव्या ऐकून घरात आलं. पार्सलला आधी हळदकुंकू, आणणाऱ्याला चहा, आणि तो कितीही घाईत असला तरी सुटका नाही.

स्वतः मात्र ती कुणाची तारीफ करत नाही. तोंडभर कौतुक केलं की नजर लागते, हा तिचा कायदा. शेजारणीचं गुटगुटीत नातवंड दिसलं की म्हणणार, "काय ध्यान व्हय हे!" शेजारीण खूश! मी मास्तर झालो तेव्हा पेढा तोंडात टाकून म्हणाली, "जमन कसंबसं."

पार्सलवाल्यावर तिचा फार जीव. एकदा रस्त्यात वाघ बसला होता, तर हा पठ्ठ्या तासभर लांब थांबला आणि काकांचं कानातलं यंत्र घेऊन आलाच. मोठ्या आईने त्याला मोबाईलवर एकच तारा दिला. पुढेही दर खेपेला एकच.

एक दिवस चहाचा कप हातात धरून तो खाली मान घालून म्हणाला, "बाई, माहं काई चुकलं काय? इथून दरवेळी एकच तारा येते. आता आनखी एक आला तर मले कामावरून काढून टाकतीन."

मोठी आई मटकन खालीच बसली. "अरे लेका, तुले नजर लागू नये म्हनून देत होती मी!"

मग उठली, मोबाईल घेतला आणि स्वतःच्या बोटाने पाचही तारे दाबले. वर मोबाईलला ऐकू जावं म्हणून ओरडून बोलली, "हा वाघाले पाहून बी परत जात नाई! याच्यासारखा मानूस नाई!" अर्धं गाव गोळा झालं. लगेच आत जाऊन मीठमिरच्या आणल्या, त्याच्यावरून ओवाळल्या आणि मोबाईलच्या काचेवरही काजळाची तीट लावली. ती तीट अजून आहे. पार्सलवालाही त्याच कामावर आहे.

परवा सुट्टी संपवून तिच्याकडून निघताना मी चेष्टेने विचारलं, "मोठी आई, मले किती तारे?"

तिने माझा चेहरा जवळ ओढून पाहिला. आता थकली आहे, नजरही अधू झाली आहे.

"तुले?" तिने पदर डोळ्यांना लावला. "तुले एक बी नाई."

फाट्यापर्यंत मी रडतच गाडी चालवली. इतकं मोठं कौतुक माझं आजवर कुणी केलं नव्हतं.