परदेशातली कुलदेवी

आमची कुलदेवी गोव्यात. पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत तिकडे अजून पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि मोटारीने जायचं तर गाडीचा वेगळा विमा काढावा लागे. माझे वडील अंधेरीत डॉक्टर. जुनी गाडी त्यांनी घेतली तीच आईला देवीपाशी न्यायला, कारण आजारपणामुळे एसटीचे हाल तिला सोसणारे नव्हते.

विम्याचा एजंट अर्ज भरून घरी आला. त्यात ‘परदेशप्रवास’ असं लिहिलेलं पाहून वडील भडकले.

“माझी कुलदेवी परदेशात? हे खोडा, तरच सही करीन.”

“डॉक्टरसाहेब, सरहद्दीपलीकडचं सगळं परदेशच धरतात हो.”

“मग उठा तुम्ही.”

आई चहा घेऊन दारापर्यंत आली होती. तिने कप तसाच आत नेला, देवीच्या ओटीसाठी आणलेला हिरवा खण ट्रंकेत ठेवला आणि म्हणाली, “पुढच्या वर्षी जाऊ.”

पुढच्या वर्षी वडील स्वतः एजंटकडे गेले. अर्ज न वाचता सही करायला तयार होते. पण तोवर सरहद्दच बंद झाली होती.

लोक अजून त्यांना बाणेदार म्हणतात. मला त्या बाण्याचा आजही संताप येतो.

सरहद्द उघडायच्या आत आई गेली. सवाष्ण गेली, म्हणून शेजारच्या बायकांनी तिची ओटी भरायला खण मागितला. वडिलांनी ट्रंक उघडली आणि देवीचा तो हिरवा खण त्यांच्या हातात दिला.