पहिल्या नंबरावर काय लिहू?

आमच्या स्कार्वोय बेटावर दहावीच्या पुढे शाळा नाही. सोळाव्या वर्षी पोरं बोटीत बसतात, ट्रॉम्सो शहरात कुणाच्या तरी तळघरातली खोली भाड्याने घेतात आणि स्वतःचे मोजे स्वतः धुवायला शिकतात. आयांना याची सवय होते म्हणतात. मी तीस वर्षं इथे गणित शिकवलं, सवय झालेली एकही आई पाहिली नाही. धक्क्यावर रडायचं नाही, एवढी रीत मात्र सगळ्या पाळतात.

कुणी कुठे जावं, काय शिकावं, हे बघणारी शाळेची सल्लागार म्हणजे ओड्रुन. उंच, हाडापेराने मजबूत, बोलणं मोजूनमापून. तिने पोरांसाठी एक वेबसाइट उभी केली होती. सरकारी साइटी आहेत, चांगल्याही आहेत, पण तिथली पोरं नव्याकोऱ्या स्वेटरात दात दाखवत उभी असतात. ओड्रुनच्या साइटवर आमचीच माणसं होती. वेल्डिंग शिकलेला टोरगाइर सांगायचा की पहिला हिवाळाभर मी रोज रडलो आणि मग एक दिवस विसरलो. दाताची डॉक्टर झालेली कुणी सांगायची, खोली घेताना आधी गरम पाण्याचा नळ सोडून बघा, मालकिणीच्या हसण्यावर जाऊ नका. कुठल्या शिक्षणाला किती गुण लागतात, शेवटची तारीख कुठली, सगळं एका ठिकाणी. साइटची तांत्रिक बाजू मी सांभाळायचो, कारण ओड्रुनला ती जमत नव्हती आणि जमत नाही हे तिला कबूल नव्हतं.

त्या साइटवर एक प्रश्नपेटी होती. नाव न देता काहीही विचारा, दोन दिवसांत उत्तर. इथली माणसं तोंडावर काही विचारत नाहीत, त्यामुळे पेटी भरून वाहायची.

ओड्रुनचा एकच नियम होता. सल्लागाराने आपल्या मनातलं पोरांच्या ताटात वाढायचं नाही. एकदा आइनार मच्छीमार पोरीला, गुडवेगला, घेऊन शाळेत आला आणि म्हणाला, "ओड्रुन, तूच सांग हिला. मासे कापायला पदवी कशाला लागते?"

"मी नाही सांगणार," ओड्रुन म्हणाली. "आणि आइनार, तूही सांगू नकोस. जरा गप्प बस."

आइनार गप्प बसला. गुडवेग गेली ट्रॉम्सोला. बाप त्यानंतर हिवाळाभर कुणाशी धड बोलला नाही.

हाच नियम ओड्रुनने घरीही चालवला. नवरा केव्हाच बोडोला जाऊन दुसरा संसार मांडून बसला होता. घरात ती आणि तिची एकुलती एक सिन्नेवा. सिन्नेवा सोळाची झाली तेव्हाची गोष्ट. मी त्यांच्या स्वयंपाकघरात वॉफल खात बसलो होतो.

"आई, मी कुठे जाऊ?"

"साइट उघड. सगळं आहे त्यात."

"साइट पाठ झालीय गं. तुला काय वाटतं?"

"मला वाटून काय करायचंय? आयुष्य तुझं आहे."

"अगं, एवढं तर पोस्टातली बाईपण सांगते!" सिन्नेवा हसत म्हणाली. हसली खरी, पण ताटलीतलं वॉफल तसंच टाकून उठली.

ती गेली आणि ओड्रुन वाळत गेली. कॉड मासा उकडायची तो दोघींना पुरेल एवढा, आणि उरलेला मला आणून द्यायची. बोट यायच्या वेळेला पार्सल घ्यायचं निमित्त काढून धक्क्यावर जायची. पार्सल कुठलं आलंय! एकदा शाळेत कॉफी ओतताना एकदम म्हणाली, "घर फार मोठं झालंय रे." तिच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे दुसऱ्या बाईने हंबरडा फोडण्यासारखं होतं. मी म्हणालो, "हं." मीही इथलाच.

तीन वर्षांनी सिन्नेवाची पुढच्या शिक्षणाला अर्ज करायची वेळ आली. आमच्याकडे सगळ्या देशाचा एकच ऑनलाइन अर्ज असतो. हव्या त्या जागा क्रमाने लिहायच्या. वरची मिळाली की खालच्या आपोआप रद्द, मग त्यांच्यासाठी कितीही पाया पडा. अर्ज एप्रिलमध्ये जातो, पण क्रम एक जुलैपर्यंत बदलता येतो. सिन्नेवाने दोन जागा लिहिल्या होत्या; कुठली वर, ते आईला सांगितलं नव्हतं. एक लांब दक्षिणेला, बर्गेन शहरातली फिजिओथेरपी. दुसरं नर्सिंग, घरी राहून करायचं: वर्ग कॉम्प्युटरवर, महिन्यातून एकदा बोटीने पलीकडच्या गावी, आणि बरंचसं काम आमच्याच वृद्धाश्रमात. ही सोय त्याच वर्षी सुरू झाली होती, आणि बेटाबाहेर गेलेल्या सहासात पोरांनी ती आपल्या यादीत टाकली होती. आइनारच्या गुडवेगनेही.

"ती घरी आली तर..." ओड्रुन मला म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिला पुरं करवेना.

"मग सांग की तिला, ये म्हणून."

"सांगितलं तर माझ्यासाठी येईल. आणि दहा वर्षांनी म्हणेल, तुझ्यामुळे अडकले. फोनवर सारखी बर्गेनचंच सांगत असते. मन तिकडेच आहे तिचं."

यावर मी वाद घालायला हवा होता. मी दुसरा कप भरून घेतला.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पेटीत प्रश्न आला. 'माझ्या यादीत एक लांबची जागा आहे आणि एक घरून करता येण्यासारखी. मला घरी यायचं आहे. पण घरून कुणी ये म्हटलेलं नाही. न बोलावता परत आलेलं माणूस घरच्यांना जड होतं का? पहिल्या नंबरावर काय लिहू?'

आम्ही दोघांनी तो वाचला. स्कार्वोयच्या कुठल्याही घराला लागू पडेल असा प्रश्न. आमच्याकडे कोण कुणाला ये म्हणतं?

"ही आइनारची गुडवेग," ओड्रुन म्हणाली. "बाप एक शब्द बोलला नसेल. आणि कसा बोलेल? मीच तर गप्प केला त्याला."

"तीच," मी म्हणालो. पैजेवर सांगितलं असतं.

तिने अर्धा दिवस घालवून उत्तर लिहिलं. 'घरी परत येणं कधीच ओझं नसतं. पण कुणाच्या बोलावण्यावर आपली निवड टांगून ठेवू नये. ज्या विषयात तुझं मन आहे, तो वर लिही. घरच्यांची काळजी करू नकोस. घरची माणसं आपापलं बघून घेतील.'

"छान लिहिलंस," मी म्हणालो. देवाशपथ, मला छानच वाटलं होतं.

वीस जुलैला निकाल लागला. सिन्नेवा सुट्टीला आली होती. मी बागेतली लाल करवंदासारखी फळं द्यायला गेलो, तर मायलेकी दारापुढच्या पायऱ्यांवर कॉफी घेऊन बसलेल्या. ओड्रुनने केक केला होता. बर्गेन मिळालं होतं. "अभिनंदन हो," मी म्हणालो. ओड्रुन जरा जास्तच हसत होती.

"उत्तर चांगलं होतं तुझं," सिन्नेवा आईला म्हणाली.

"कुठलं उत्तर?"

"घरची माणसं आपापलं बघून घेतील. ते वाचलं आणि बर्गेन वर नेऊन ठेवलं. तोवर नर्सिंगच वर होतं."

ओड्रुनने कप पायरीवर ठेवला.

"ते तू विचारलं होतंस?"

"मग काय करू? घरात विचारलं की साइट उघड म्हणतेस. म्हणून साइटवर विचारलं. वाटलं, तिथे तरी खरं सांगशील."

"सिन्ने, मला तू इथे हवी होतीस गं," ओड्रुन म्हणाली. असला आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "गेलीस त्या दिवसापासून रोज हवी होतीस. मला वाटलं, आइनारची गुडवेग विचारतेय."

सिन्नेवा म्हणाली, "मग तिला तरी म्हणायचंस ना आई, ये म्हणून. मी वाचलं असतं."