बारावी खुर्ची

पाणी वरून पडलं आणि बाबानं ओंजळ पुढे केली.

चर्चमध्ये. भरल्या मंडळीत. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी. येशूनं शेवटच्या रात्री आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या दिवशी पाळक मंडळीतल्या बारा पुरुषांचे पाय धुतात. बाबा बाराव्या खुर्चीवर बसला होता, पायजमा घोट्याच्या वर दुमडून. पाळकसाहेब हातात तांब्या घेऊन त्याच्यासमोर उभे होते. उभे. आधीच्या अकरा जणांसमोर ते गुडघे टेकून बसले होते. एकेकाची टाच हातात घेतली, बोटांच्या मधून पाणी फिरवलं, खांद्यावरच्या टॉवेलनं पुसलं. बाबासमोर आले आणि गुडघे वाकलेच नाहीत. तांब्या कमरेइतका वर धरला आणि पाणी सोडलं.

बाबा मान खाली घालून बसला होता. धार पडायला लागली तशी त्याची पाठ वाकली आणि दोन्ही हात आपोआप जुळून पुढे आले. पाणी ओंजळीत पडलं. त्यानं ओंजळ तोंडाकडे नेलीसुद्धा. मध्येच थांबला.

पुढच्या बाकावर कोणीतरी हसलं. मग खोकल्यासारखं केलं.

"पाय. पाय पुढे करा," पाळकसाहेब हळूच म्हणाले. थोडं पाणी पायांवर सोडलं, टॉवेल बाबाच्या मांडीवर टाकला. "पुसून घ्या." पेटी वाजायला लागली आणि सगळे गायला उभे राहिले.

मी तेव्हा दहावीत होते. गाणं मला तोंडपाठ होतं. तोंड उघडलं नाही.

बाबा सावनेरकडच्या एका खेड्यातला. लहानपणी तहान लागली की त्याला विहिरीपासून लांब बसावं लागे. येणाऱ्याजाणाऱ्या कोणाला दया आली तर तो वरून पाणी ओतणार, हा खाली ओंजळीत झेलणार. हे मी ऐकून होते. पाहिलं कधी नव्हतं. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो पोरांना हे पुढे पाहावं लागू नये म्हणून. आणि मला ते पाहायला मिळालं ते चर्चमध्ये, क्रुसाच्या खाली, पांढऱ्या झग्यातल्या माणसाच्या हातून. पन्नाशीला आलेल्या माणसाच्या अंगात ते पाणी अजून तसंच होतं. धार ओळखली त्यानं.

छप्पन साली माझ्या काकानं नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. अख्खा मोहल्ला गेला. काका बाबाला म्हणाला होता, "चाल गा, तू काहून मांगं राहून राहिला?" बाबानं उत्तर दिलं, ते आमच्या घरात पुढे किती वेळा सांगितलं गेलं असेल. "माहा येशू हाय ना. त्यानं कोळ्यायचे पाय धुतले, माहे नाही धुवन का?" काका हसला. भावाभावांत वाकडं आलं नाही, पण काका मग आमच्या नाताळाला कधी आला नाही.

बाबा कोराडीला वीज केंद्रात ठेकेदाराकडे कोळसा उतरवायचा. आम्ही तिथेच झोपड्यांच्या ओळीत राहायचो. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख, भाकरीवर राख. रविवारी मात्र माय आम्हाला घासूनपुसून बसमध्ये बसवायची आणि आम्ही शहरातल्या चर्चला जायचो. मागच्या बाकावर बसायचो. पुढची बाकं जुन्या घराण्यांची. त्यांचे पणजोबा शास्त्री होते म्हणे, तिथून ख्रिस्ती झाले. धर्म सोडला, पण शास्त्री होते हे सांगायचं सोडलं नाही. लग्नं आपसातच. त्यांच्यातले मोठे म्हणजे दादासाहेब, मंडळीचे कारभारी. चर्चचं छप्पर त्यांनी घातलं होतं आणि वर पाहिलं की ते आठवावं अशी त्यांची अपेक्षा असायची.

बारा खुर्च्याही त्यांच्याच. बाप गेला की मुलगा बसायचा. कोणी असा नियम केला नव्हता, पण चालत आलं होतं.

पाळकसाहेब मात्र मला वेगळे वाटायचे. त्यांनी मला वचनं पाठ करायला शिकवलं. अध्यायच्या अध्याय मी न अडखळता म्हणायचे. बाहेरगावचे पाहुणे आले की मला पुढे उभं करायचे, म्हणायचे, "ही माझी लेक." मी फुलून जायचे. आमच्या झोपडीतही ते प्रार्थनेला यायचे. माय चहा ठेवायला उठली की म्हणायचे, "बाई, आज उपास आहे." मला किती अभिमान वाटायचा, केवढा देवमाणूस, सारखा उपास करतो. त्यांचा उपास फक्त आमच्याच घरी असतो हे समजायला मला फार वर्षं लागली नाहीत. तो गुरुवार पुरला.

त्या वर्षी बारांतला एक म्हातारा वारला. त्याला मूल नव्हतं. खुर्ची रिकामी झाली. पाळकसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, "यंदा तुझे बाबा बसतील. तू त्यांना तयार कर. ते तुझंच ऐकतात."

बाबा तयार नव्हता. "नोको वं बाई. माहे पाय पाहून राहिली ना? कोळसा निंगत नाही त्याच्यातून. मोठ्या लोकायच्या रांगीत कायले?"

मी त्याला समजावलं. येशूनं पाय पाहिले नव्हते, असं काहीबाही बोलले. पाठ होतं सगळं. शेवटी मी म्हटलं, "मंग तू काकाले काय सांगत होता?" दुसऱ्या दिवशी तो ठेकेदाराला गुरुवारची सुटी मागून आला.

मायनं आठवडाभर त्याचे पाय घासले. कामावरून आला की गरम पाण्यात ठेवायची, मग विटेच्या तुकड्यानं टाचा घासायची. भेगांतला काळा कोळसा काही निघेना. रक्त निघालं तेव्हा बाबा ओरडला, "सोड वं, चामडं काढतं काय?" माय म्हणाली, "पाळकसाहेबाच्या हाताले लागन ना ते काळं." दोघं हसत होते. आमच्या घरात तेवढं हसू क्वचित असायचं. ते हसू मला आजही ऐकू येतं आणि आजही संताप येतो.

त्या दिवशी बाबानं मांडीवरचा टॉवेल वापरला नाही. घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि ओल्या पायांनीच चपला घातल्या. मायला ताप होता म्हणून ती घरीच राहिली होती. दारात वाट पाहत होती.

"धुतले का?"

"धुतले वं," बाबा म्हणाला. "मस्त धुतले."

तो जेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. मी मायला काही सांगितलं नाही.

शनिवारी माझा दृढीकरणाचा शेवटचा वर्ग होता. दृढीकरण म्हणजे लहानपणी आईबापांनी दिलेला विश्वास आता मी स्वतः घेते, असं मंडळीपुढे सांगायचं. मग पाळक डोक्यावर हात ठेवतात आणि त्या दिवसापासून प्रभुभोजनातली भाकर आणि द्राक्षारस मिळतो. मी त्या दिवसाची दोन वर्षं वाट पाहत होते. दुसऱ्याच दिवशी, ईस्टरला, तो होता.

वर्ग संपला. बाकीच्या मुली गेल्या. मी थांबले.

"बाबाचे पाय तुम्ही का नाही धुतले?"

"धुतले की."

"हात नाही लावला."

त्यांनी कमरेवर हात ठेवला. मग म्हणाले, "कंबर धरली होती गं."

"अकरा जणांपर्यंत नव्हती धरली."

ते खुर्चीत बसले. खोटं बोलायचा कंटाळा आला असावा. म्हणाले, "दादासाहेबांची अट होती. त्याला बसवा, पण हात लावू नका. त्याच हातांनी तुम्ही आमच्या मुलांना प्रभुभोजन देता, असं म्हणाले. मी काय करणार? छप्पर त्यांचं, माझा पगार त्यांच्या हातात. निदान खुर्ची तरी मिळवली ना मी तुम्हाला."

"म्हणजे मला सांगितलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी टेबलावरचं बायबल मिटून बाजूला सरकवलं.

माहीत होतं. "तुझे बाबा बसतील" म्हणताना माहीत होतं. "तू तयार कर" म्हणताना माहीत होतं. माय विटेनं टाचा घासत होती तेव्हा सगळं ठरलेलं होतं. दादासाहेबांचा मला राग नाही आला, विंचवाकडून कोणी मधाची आशा करत नाही. पण या माणसानं मला लेक म्हटलं होतं. माझ्याच तोंडून, मला पाठ करायला लावलेली वचनं वापरून, त्यानं माझ्या बापाला त्या खुर्चीपर्यंत आणवलं. घात झाला तो तिथे.

मग त्यांनी हात जोडले. डोळ्यांत पाणी आणलं. "मी माणूसच आहे, बाळ. आपण सगळेच अपूर्ण. देव सोडून पूर्ण कोण आहे? तू क्षमा करायला शीक. त्यातच तुझी आत्मिक वाढ आहे."

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. मान हलवून निघाले. बसमध्ये सुचायला लागलं आणि अजून सुचतं आहे. माणूस अपूर्ण आहे, मान्य. मीही आहे. चिडकी आहे, हट्टी आहे. पण तुमची अपूर्णता बरोबर अकरा खुर्च्या ओलांडून बाराव्या खुर्चीपाशीच कशी येते? त्या अकरांच्या वेळी ती कुठे गेली होती? आणि दर वेळी तुम्ही चुकणार, वाढायचं मात्र आम्ही? तुमचं वाढणं कधी?

येशूच्या त्या शेवटच्या रात्रीच्या गोष्टीत आणखी एक आहे. येशूला धरून देणारा शिष्यही त्या बारांत होता. येशूला ते ठाऊक होतं, आणि तरी त्यानं त्याचेही पाय धुतले. दगाबाजाचे पाय हातात घेतले. माझ्या बाबानं कोणाला दगा दिला होता? इथे दगा धुणाऱ्यानंच दिला.

ईस्टरला मायनं मला तिची लग्नातली एकमेव चांगली साडी नेसवली. माय-बाबा मागच्या बाकावर. आम्ही मुली पुढे, गुडघ्यांवर, ओळीनं. पाळकसाहेब एकेकीच्या डोक्यावर हात ठेवत, प्रार्थना म्हणत पुढे सरकत होते. माझ्यापाशी आले. हात उचलला. म्हणजे मला ते हात लावणार होते. पोरीच्या धुतलेल्या केसांना हात चालत होता, बापाच्या पायांना नाही.

मी डोकं मागे घेतलं.

"आधी बाबाचे पाय," मी म्हटलं.

"काय?"

"आधी माझ्या बाबाचे पाय धुवा. हातानं. तो मागं बसला आहे. मग ठेवा हात."

मी ओरडले नाही. पण चर्चमध्ये एवढी शांतता होती की मागपर्यंत गेलं. पाळकसाहेबांनी पुढच्या बाकाकडे पाहिलं, दादासाहेबांकडे. फक्त एकदा. दादासाहेबांनी मान किंचित हलवली. पाळकसाहेब मला सोडून शेजारच्या मुलीकडे गेले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून तीच प्रार्थना पहिल्यापासून म्हणू लागले.

मी उठले. मधल्या वाटेनं चालत बाहेर आले. साडी पायात येत होती.

बाबा मागोमाग आला. मला वाटलं, जवळ घेईल. तो फाटकापाशी खाली बसला आणि त्याला रडू फुटलं. मी बाबाला रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"काहून वं असं केलं? काहून केलं?" तो म्हणत राहिला. "तुह्यासाठीच त मी चूप राहिलो. मले वाटलं, माह्या पायाले नाही त नाही, तुह्या डोक्याले तरी त्याचा हात लागन."

माय आली, तिला तिथेच सगळं कळलं. ती त्याच्या पायांकडे पाहत राहिली.

काकाला कळलं तेव्हा तो कोराडीला आला. म्हणाला, "आता तरी ये वं पोरी आमच्यात." मला त्याचा आधार वाटला, पण गेले नाही. येशू काही दादासाहेबांच्या घरचा जावई नाही, की त्यांच्या दाराशी अडलं म्हणून मी त्याला सोडावं. वचनं मला पाठ आहेत. ती मी माझी मी वाचते, आणि जिथे माझ्या बाबाच्या बाजूनं काही लिहिलेलं सापडतं तिथे थांबते. अशा जागा पुष्कळ आहेत. चर्चमध्ये त्या कधी वाचल्या जात नसत.

बाबा रविवारी जात राहिला. मागच्या बाकावर बसत राहिला. बाराव्या खुर्चीवर पुढच्या वर्षीपासून दादासाहेबांचा पुतण्या बसला.

मी शिक्षिका झाले. बाबाच्या छातीत कोळशाची धूळ साचली होती, त्यानं तो गेला. अंघोळ मी घातली. पाय मी धुतले. भेगांतला कोळसा तसाच होता. पाळकसाहेब प्रार्थनेला आले, आता म्हातारे, काठी टेकत. बाबाला अंगणात ठेवलं होतं. चादर आखूड होती, पाय उघडे होते. मी पाहत होते. शेवटची वेळ होती. कोणाची अट नव्हती, दादासाहेब केव्हाच वारले होते. चार पावलांचं अंतर होतं. पाळकसाहेब डोक्याच्या बाजूनं उभे राहिले, प्रार्थना म्हणाले, आणि मग वळून माझ्या डोक्यावर हात ठेवायला आले.

मी मागे सरकले.

"अजून क्षमा नाही केलीस?" ते म्हणाले.

"पाय तिकडं आहेत," मी म्हटलं.

ते तिकडं गेले नाहीत. माणसांनी बाबाला उचललं.

आता ते पाय मातीत आहेत. कोणी धुवायचं म्हटलं तरी धुता येणार नाहीत. म्हणून माझंही डोकं कोणाच्या हाताखाली जाणार नाही. पाळकाच्या नाही, बिशपच्या नाही. देवाला ठेवायचा असेल तर त्यानं ठेवावा. पण त्यालाही मी आधी बाबाच्या पायांचं विचारणार आहे.